साडेएकसष्ट कोयते

माझ्या लघुप्रबंधाचं पहिलं प्रकरण अर्थशास्त्राच्या सरांकडून परत आलं, तेव्हा त्यावर लाल शाईचे दोनच शेरे होते. पहिला होता, ‘अवजारांची यादी परिशिष्टात टाका.’ दुसरा जरा दाबून लिहिलेला होता, ‘अपूर्णांक नको. ६२ करा.’

पहिल्या शेऱ्याला मी तिथंच जिन्यात बसून हसले. दुसऱ्यानं मात्र पुढं चार महिने माझा पिच्छा पुरवला.

मी लिहिलेलं वाक्य साधं होतं: ‘दिवाळीनंतर गावातून साडेएकसष्ट कोयते ऊसतोडीला बाहेर पडले.’ कोयता म्हणजे ऊस तोडायचं हत्यार, हे तर झालंच. पण आमच्या भागात मुकादम दारात येऊन ‘तुमच्या घरचे कोयते किती?’ असं विचारतो, तेव्हा तो कोपऱ्यातली हत्यारं मोजायला आलेला नसतो. एक कोयता म्हणजे एक जोडी, बहुतेक करून नवरा-बायको. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. आई-बाप आणि बिनलग्नाचा मुलगा असं घर असलं तर ते दीड. हे जगात कुणाला ठाऊक नसेल, असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं, म्हणून मी ते कुठं समजावून लिहिलंच नाही. पाणी म्हणजे काय, हे कुणी लिहीत बसतं का? पण सर होते कोकणातले. त्यांच्या गावचा कोयता नारळ फोडायचा. एकसष्ट कोयते धड आणि एक मूठ तुटलेला, म्हणून पोरीनं प्रामाणिकपणे अर्धा धरला, असं त्यांनी समजून घेतलं होतं. पुढं त्यांनीच मला ते सांगितलं आणि आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

तसा दोष सरांचा नव्हता, माझ्या हौसेचा होता. अंबाजोगाईच्या ज्या कॉलेजात मी एम.ए. करत होते, तिथं त्या वर्षी एक नवी सोय निघाली होती. एकच लघुप्रबंध दोन विभागांच्या मार्गदर्शनाखाली करता येणार होता. सामाजिक शास्त्रांमधल्या भिंती आता पडल्या पाहिजेत, असं सूचनाफलकावरच्या कागदात म्हटलं होतं. बाजार खुला झालाय, देश खुला झालाय, मग विषयच का कोंडून ठेवायचे, असा एकंदर सूर. सिरसाळ्यासारख्या गावातसुद्धा एसटीडीची पिवळी पाटी लागली होती आणि पानटपरीवर परदेशी कोल्ड्रिंकच्या बाटल्या येऊन बसल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. कॉलेजातल्या भिंती मात्र जागच्या जागी होत्या. अर्थशास्त्र खाली, समाजशास्त्र वर, भूगोल सायकल स्टँडच्या मागं, आणि ग्रंथालयात तिघांची कपाटं एकमेकांकडं पाठ करून उभी. वर्गात आम्ही अकरा जण होतो. दहा जण शहाणे निघाले, त्यांनी एकेकच विषय धरला. मी दोन डगरींवर पाय ठेवला.

विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. उचलीवर, म्हणजे मुकादम आगाऊ देतो त्या पैशावर, सगळेच लिहायचे. मला ते नको होतं. मला मोजणीवर लिहायचं होतं. आमच्याकडं माणसं कशात मोजतात, त्या मोजण्यात कोण येतं आणि कोण सुटतं, हे मला बघायचं होतं. कारण मी स्वतः आधी मोजली गेले होते आणि मग सुटले होते.

आमचं गाव सिरसाळ्याच्या पुढं, फाट्यावर उतरून पाऊण तास चालत. घरात चार माणसं: आई, बापू, माझ्याहून चार वर्षांनी मोठा दादा आणि मी. बी.ए. मी बहिःस्थ केलं, म्हणजे पुस्तकं घरी वाचायची आणि नुसती परीक्षा द्यायची. घरी म्हणजे तरी कुठं, कोपीत. ऊसतोडीच्या जागी पाचटाची झोपडी उभी करतात, तिला कोपी म्हणतात. त्या तीन वर्षांत आमचं घर दोन कोयते होतं. आई-बापू एक, दादा आणि मी दुसरा. दादा तोडायचा, मी मोळ्या बांधायची, आणि बांधता बांधता मागणीचा नियम घोकायची. ऐकून ऐकून दादालाही तो पाठ झाला. ‘भाव वाढला की मागणी घटती म्हन,’ तो म्हणायचा, ‘ह्ये तुज्या पुस्तकवाल्यानं नवरदेवाचा बाजार बगितलेला दिसत न्हाई. तितं भाव वाढला की मागणी बी वाढती.’ दादा सातवीपर्यंत शिकलेला, पण त्याला आमच्या वर्गात बसवला असता तर सरांची पंचाईत झाली असती.

एम.ए.ला मात्र वर्गात हजेरी लागायची. मी अंबाजोगाईच्या वसतिगृहात राहायला गेले आणि आमचं घर दोनावरून दीडावर आलं.

पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात आमच्या टोळीचे मुकादम एक स्थळ घेऊन आले. ते बापूंचे मावसभाऊ, म्हणून मी त्यांना काका म्हणायची. स्थळ माजलगावकडचं होतं आणि साटंलोटं होतं. त्यांची मुलगी दादाला करायची, मला त्यांच्या मुलाला द्यायचं. एका मांडवात दोन लग्नं, आणि आमचं घर पुन्हा दोन कोयते. काकांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणेन. मुलगा सुपारीचंही खांड तोंडात न टाकणारा होता. आईला तर हायसं वाटलं होतं. ‘दोगांची बी घरं बसत्याल,’ ती म्हणाली, ‘आन दादा एकट्यानं किती दिस वढील?’ तिच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि त्याचाच मला राग आला. मी म्हणाले, ‘एम.ए. होऊ द्या.’ लग्न झालं की एम.ए. होणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या हंगामाला मी त्या घरच्या कोयत्यावर गेले असते. दादा म्हणाला, ‘पाडव्याला सांगतो.’ म्हणजे येता हंगाम सरल्यावर. माझ्याकडं एक हंगाम होता.

दसऱ्यानंतर मी गावात घरोघर फिरून मोजणी केली. माझ्या हातात छापील प्रश्नावली, काकांच्या खिशात त्यांची वही. दोघांचे आकडे जुळतात का, हे पडताळायला एका सकाळी आम्ही पारावर बसलो. गावात अर्धे तसे बरेच होते: बायको आजारी असलेला एक, दोन अविवाहित चुलतभाऊ, भावाबरोबर जाणारी एक विधवा. पण मुकादम अर्ध्याला अर्धा जोडून एक करतो, नाहीतर त्याचा हिशेब बसत नाही. जोडत जोडत शेवटी एकच अर्धा उरला. तो आमच्या घरचा.

‘दीड दीड करून टोळीचा हिसाब बिगडतो, बाई,’ काका म्हणाले. ‘यंदा घेतो, तुज्या बापूकडं बगून. पुढल्या साली दोन करा, न्हाईतर एक.’

मी विचारलं, ‘एक म्हणजे? दादा कुठं जाईल?’

‘ते मला कावून इचारती? त्यालाच इचार की.’

काकांनी वही खिशात घातली. दिवाळीनंतर ट्रक आला, भांडी चढली, शेळ्या चढल्या, माणसं चढली. मी खाली उभी राहून यादीवर खुणा करत होते. दादा फळीवरून वाकून म्हणाला, ‘लिहिलं का मला?’ मी म्हणाले, अर्धा लिहिलाय. ‘लई झालं,’ तो म्हणाला, आणि ट्रक हलला.

तर असा तो साडे, ज्याच्यावर सरांनी लाल रेघ मारली.

कोयता म्हणजे काय हे समजावून सांगितल्यावर सर चांगलेच खुलले. ‘अरे वा, हे तर श्रमाचं एकक झालं! मग तर पूर्णांकच हवा. मजूर जातोय ना? त्याला एक जागा लागते, एक हत्यार लागतं. वर चढवा. बासष्ट.’ मी तो कागद घेऊन जिना चढले. समाजशास्त्राच्या मॅडमनी चष्मा डोक्यावर सरकवून वाचलं आणि म्हणाल्या, ‘एकक श्रम नाही गं, कुटुंब आहे. जोडी आहे. बिनलग्नाचा मुलगा आई-वडिलांच्या कुटुंबातच धरायचा. खाली उतरव. एकसष्ट.’

दोघंही आपापल्या शास्त्राप्रमाणे बरोबर होते. मी त्या दोन मजल्यांच्या मधे जिन्यात बसून राहिले. बासष्ट केले तर आमच्या घरचे दोन कोयते होतात, म्हणजे मी उसात. एकसष्ट केले तर दादा यादीतूनच गायब. काका पारावर हेच म्हणाले होते, दोन करा नाहीतर एक. एका माणसाला अर्धा ठेवायची तयारी मुकादमाची नव्हती, अर्थशास्त्राची नव्हती आणि समाजशास्त्राचीही नव्हती. मला इतका संताप आला की समोरून येणाऱ्या शिपायानं विचारलं, ‘नापास झाल्या का ताई?’

संक्रांतीनंतर क्षेत्रकार्य म्हणून मी आमच्या टोळीच्या फडावर गेले. त्या साली टोळी लांब गेली नव्हती, माजलगावच्या धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या उसातच होती. एसटीतून उतरून बांधानं गेले तर सकाळची थंडी अजून उसात होती आणि तोड जोरात चालू होती. आई-बापू पुढच्या पट्ट्यात होते. दादा एकटा मागं. बाकीच्या जोड्यांत एक जण तोडत पुढं सरकायचा आणि दुसरा वाढ्यानं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यानं, मोळ्या बांधत मागून यायचा. दादा दहा पावलं तोडत जायचा, कोयता खोचायचा, मागं यायचा, मोळ्या बांधायचा आणि पुन्हा पुढं. सगळ्या फडात त्याचा एकट्याचाच पट्टा ओळीबाहेरच्या दातासारखा मागं राहिलेला होता.

मी प्रश्नावली आईच्या गाठोड्यावर ठेवली, ओढणी डोक्याला बांधली आणि त्याच्या मागं मोळ्या बांधायला लागले. दीड वर्षात हात विसरले नव्हते, फक्त पानांनी कापले जास्त. दादानं एकदा मागं बघितलं आणि पुन्हा तोडायला लागला. दुपारपर्यंत आमचा पट्टा इतरांच्या बरोबरीला आला. आई भाकरी घेऊन आली तेव्हा हसत होती. तिला इतकं हसताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं, आणि मला वाटलं, झालं, आता मी परत जात नाही.

उन्हं कलल्यावर दादा मला बसथांब्यावर सोडायला आला. वाटेत मीच म्हणाले, ‘दादा, त्या माजलगावच्या लोकांना हो म्हणून टाकू का?’

तो म्हणाला, ‘परत आसं मोळ्या बांदायला येऊ नको.’

‘कावून?’ मी विचारलं. त्याच्याशी बोलताना माझं पुस्तकी मराठी कुठल्या कुठं जायचं.

‘उद्या मला पुन्ना अर्ध्याची सवय करावी लागती.’

तो रागावला नव्हता. बस आली, मी चढले, खिडकीतून पाहिलं तर तो पाठमोरा उसाकडं निघालासुद्धा होता. त्या दिवसापुरता आमच्या घरचा आकडा दोन होता. वहीत तो मी लिहिला नाही. अंबाजोगाईपर्यंत कापलेल्या हातांकडं बघत बसले, आणि उतरायच्या आधी एक गोष्ट मनाशी पक्की झाली होती की हा साडे कुणालाही खोडू द्यायचा नाही.

मग मी त्या साडेवरच एक वेगळं प्रकरण लिहिलं. कोयत्याकडं श्रम म्हणून पाहिलं तर काय दिसतं, कुटुंब म्हणून पाहिलं तर काय दिसतं, आणि दोन्हींतून काय निसटतं. लग्नं हंगामाच्या आधी का उरकतात, मुली कोणत्या वयात मोजणीत येतात, हे त्यातच आलं. सरांनी ते दोनदा वाचलं. ‘आकडा मला अजूनही खुपतोय,’ ते म्हणाले, ‘पण तो तुझा आहे. परीक्षकांसमोर तूच निस्तर.’ मॅडमनी वरच्या मजल्यावरून खाली येऊन सरांच्या टेबलावरच सही केली. त्या खाली आलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

टंकलेखन आणि बांधणी बसस्टँडजवळच्या एका चाचांकडं होती. त्यांच्या मराठी मशीनमधे अर्ध्याची खूण नव्हती. वाक्यात ‘साडेएकसष्ट’ असं अक्षरी ठीक होतं, पण तक्त्यात आकडा हवा. ‘आधा नहीं है बेटी इसमें,’ चाचा म्हणाले, ‘पूरे पूरे आकडे हैं. तू हातानं लिही.’ त्यांनी काळ्या शाईचं पेन दिलं. पाचही प्रतींत एकसष्टच्या पुढं जागा सोडून घेतली होती, तिथं मी दुकानाच्या पायरीवर बसून अर्धा काढला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक पुण्याकडचे होते. वयस्कर, शांत, प्रत्येक पान पाहिलेले. सर आणि मॅडम बाजूला बसले होते. चार-दोन सोप्या प्रश्नांनंतर त्यांनी नेमकं तेच पान उघडलं.

‘तुम्हीच लिहिता की मुकादम अर्ध्याला अर्धा जोडून एक करतो. मग गावाच्या बेरजेत अर्धा उरलाच कसा? हा जोडला का गेला नाही?’

सर खाली बघायला लागले. मी म्हणाले, ‘त्याची जोडी होती, सर. ती शिकायला गेली.’

‘कोण?’

‘मी. तो माझा भाऊ आहे.’

मला भीती वाटली की आता हे म्हणतील, स्वतःच्या घरावर लिहिणं हे शास्त्र नव्हे. ते म्हणाले, ‘मग तुम्हीही गावच्याच की. बासष्ट का नाही लिहिलंत?’

‘मी इथं बसलेय, सर,’ मी म्हणाले.

त्यांनी पेन उचललं, त्या अर्ध्यापाशी नेलं, आणि तिथं एक छोटी बरोबरची खूण करून पान उलटलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी टोळी परत आली. दादा काळवंडून गेला होता आणि दंड दोरीसारखे पिळले होते. मी परीक्षकांकडून परत मिळालेली प्रबंधाची निळ्या कापडी बांधणीची प्रत त्याच्या पुढ्यात ठेवली. त्यानं हात धुऊन घेतले, मग पानं उलटत तक्त्यापर्यंत आला. बोट ठेवलं.

‘ह्ये एवढंच हातानं कावून काढलं?’

‘मशीनमधे अर्धा नव्हता.’

‘मशीनला बी दोन न्हाईतर एकच पायजे म्हन की,’ तो म्हणाला आणि मोठ्यानं हसला. मला हसू आलं नाही. मी त्याला सांगून टाकलं की मला तुझी लाज वाटत नाही, माझीच वाटते, रोज वाटते. तो म्हणाला, ‘गप बस, येडी.’

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर काका उत्तर न्यायला आले. आईनं त्यांना पाट दिला, बापू खांबाला टेकून बसले. मी दाराशी उभी होते. दादानं आतून तो निळा प्रबंध आणला आणि तक्त्याचं पान उघडून काकांच्या मांडीवर ठेवला.

‘काका, ह्ये बगा. पुण्याच्या सायबानं बरुबरची खूण केलीय.’

‘कशावर?’

‘माज्या अर्ध्यावर. शिकल्याल्या लोकांत अर्धा मंजूर हाय. आता तुमी कावून पुरा मागता?’

बापू हसले. काकांनी पान लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. ‘साटंलोटं मोडलं म्हन,’ ते म्हणाले.

‘माझं मी बगंन. लगीन करीन तवा साधंच करीन. तवर दीड लिवा.’

आईनं बापूंकडं बघितलं आणि ती चहा टाकायला आत गेली. काकांनी सुस्कारा टाकून खिशातली वही काढली. आमच्या घरचं पान काढलं. मग पेन्सिल धरून माझ्याकडं मान केली.

‘आन हिचं काय लिवायचं?’

‘हिचं न्हाई लिवायचं,’ दादा म्हणाला. ‘ती मोजणारी हाय.’

काकांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि वहीत दीड लिहिलं.